घाटापूर्वींचीं पांच मिनिटें

मोटारगाडी ही आतां आपल्या जिल्ह्यांत नवलाईची वस्तु राहिलेली नाहीं. बीड शहरास आगगाडी पोहोंचली तीच मुळीं २०२५ सालीं. तोंपर्यंत दवाखाना असो, लग्नकार्य असो वा परीक्षा असो, जाणेंयेणें सर्व रस्त्यानेंच होत आलें, व अजूनहि बहुतांशीं तसेंच होतें. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील जीप, टेम्पो किंवा ट्रॅक्टर चालवून संसार चालवितात. दसरा सरला कीं ऊसतोडीच्या टोळ्या गाड्यांतूनच पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. असें असूनहि गाडी चालविणारे पुष्कळ आणि गाडी जाणणारे थोडे, अशी स्थिति आहे. आम्ही स्वतः त्या पुष्कळांपैकींच एक होतों, हें आधीं कबूल केलें पाहिजे.

कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत आम्ही आपल्या जुन्या गाडीनें सहकुटुंब केजकडे एका विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नास निघालों होतों. पाली गांव मागें पडतांच उष्णतेचा कांटा वर सरकूं लागला. तो आम्हीं पाहिला, पण उशीर होईल या भीतीनें न पाहिल्यासारखें केलें. मांजरसुंब्याचा घाट अर्धा चढतों न चढतों तोंच बोनेटखालून वाफ निघाली आणि गाडी थांबली. आम्हीं घाईनें बोनेट उघडून रेडिएटरच्या झांकणास हात घातला. इतक्यांत मागून येऊन थांबलेल्या एका ट्रकवाल्यानें आमचें मनगट धरिलें. “ओ सर, हात काढा. आधी अर्धा घंटा सावलीत बसा,” असें म्हणून त्यानें बाही वर सारून कोंपरापासून मनगटापर्यंतचा भाजल्याचा जुना वण दाखविला. वर्गांत वाफेचे धडे देणाऱ्या आम्हांस वाफेचा खरा धडा त्या दिवशीं रस्त्यावर मिळाला.

त्या झांकणाखालीं काय घडत असतें तें पाहूं. इंधन जळून जी उष्णता होते ती सर्वच गतिरूपानें चाकांपर्यंत पोहोंचत नाहीं. तिचा मोठा भाग वायां जातो, आणि त्यांतला बराचसा बाहेर नेण्याचें काम रेडिएटरचें पाणी करितें. उघड्या भांड्यांत पाणी १०० अंशांस उकळतें. परंतु रेडिएटरचें झांकण घट्ट असल्यानें आंत दाब वाढतो, शिवाय पाण्यांत कूलंट मिसळलेलें असतें. त्यामुळें तें सुमारें १२० अंशांपर्यंत न उकळतां राहूं शकतें. घरांतल्या प्रेशर कुकरचा न्याय तो हाच. आतां झांकण काढलें कीं दाब एकदम नाहींसा होतो, तें अतितप्त पाणी तत्क्षणीं उकळतें, आणि वाफ झालेल्या पाण्यास मूळच्या दीड हजार पटींहून अधिक जागा लागते. मग ती वाफ थेट तोंडावर येते. म्हणून कांटा चढूं लागतांच ए. सी. बंद करावा, गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी, इंजिन बंद करावें व निदान अर्धा तास थांबावें. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतूं नये. त्यानें धातु तडकण्याचें भय असतें. इंजिन पुरतें निवाल्यावर जाड फडक्यानें झांकण हळूहळू सैल करावें. आणखी एक गोष्ट घरच्यांनीं ध्यानांत ठेवावी. कूलंट चवीला गोड पण विषारी असतें. तें पिण्याच्या पाण्याच्या बाटलींत कधींहि भरून ठेवूं नये.

दुसरी गोष्ट टायरमधील हवेची. उन्हाळ्यांत हवा कमी ठेवावी, म्हणजे ती तापून फुगली तरी टायर फुटत नाहीं, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ही समजूत अगदीं उलटी आहे. हवा कमी असली म्हणजे टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यास दुमडतात व पुन्हां सरळ होतात. लहान मोटारीचें चाक एका किलोमीटरांत सुमारें ५०० फेरे घेतें. तेव्हां शंभर किलोमीटरांत तें रबर किती वेळां दुमडलें असेल, याचें गणित मुलांनींच करावें. तार हातांनीं वारंवार वांकविली असतां वांकविल्या जागीं ती ऊन लागते, रबराचेंहि तसेंच. तें आंतून तापतें, त्याचे थर सुटतात, आणि भर वेगांत टायर फुटतो. हवेचें योग्य मान किती, हें चालकाच्या दाराजवळील चौकटीवर बहुधा लिहिलेलें असतें. गाडी थंड असतांना तितकीच हवा भरावी. तापल्यावर दाब थोडा वाढतो, तो हिशेबांत धरलेलाच असतो. टायरवरच्या खांचा १.६ मिलिमीटरांहून कमी उरल्या तर मोटारीचा तो टायर कायद्यानेंहि बाद ठरतो. आणि टायर फुटलाच तर ब्रेक जोरानें दाबूं नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनीं घट्ट धरून गाडीचा वेग आपोआप कमी होऊं द्यावा.

तिसरी गोष्ट ब्रेकची, आणि ती सर्वांत जिवावरची. चढतांना इंजिनास जें श्रम पडतात तेच उतरतांना ब्रेकच्या वांट्यास येतात. ब्रेक गाडीची गति खातो, म्हणजे तिची उष्णता करितो. मांजरसुंब्याहून बीडकडे किंवा धारूरच्या घाटांतून खालीं येतांना सारखा ब्रेक दाबून धरला तर तो अतिशय तापतो व त्याची पकड ढिली पडते. त्यांतच ब्रेक ऑइल जुनें असलें तर संकट दुणावतें. तें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. फार तापलें कीं त्या पाण्याची वाफ होऊन तेलांत बुडबुडे होतात, आणि पाय दाबला तरी जोर चाकापर्यंत पोहोंचत नाहीं. पेडल पूर्वींपेक्षां खोल जाऊं लागलें किंवा जळका वास आला, तर तत्काळ थांबावें. तें तेल साधारण दोन वर्षांनीं बदलावें. उतरण्याचा जुना नियमहि पाठ असावा: ज्या गिअरमध्यें घाट चढला असता त्याच गिअरमध्यें तो उतरावा. मग इंजिनच चाकांस ओढून धरतें व ब्रेकला विसांवा मिळतो.

इंधन वांचविण्यासाठीं कित्येक जण उतारावर गाडी न्यूट्रल करितात, कोणी तर इंजिनच बंद करितात. यासारखी महाग काटकसर दुसरी नाहीं. इंजिन बंद झालें कीं ब्रेकला मिळणारें साहाय्य दोनचार दाबांत संपतें व स्टिअरिंग जड होतें. शिवाय हल्लींच्या बहुतेक मोटारी गिअरमध्यें उतरत असतांना व ॲक्सिलरेटर सोडलेला असतांना इंधनाचा पुरवठा आपणच थांबवितात. म्हणजे जें वांचविण्यासाठीं जीव धोक्यांत घालावयाचा, तें वांचतहि नाहीं!

हें सारें मेस्त्रीनें जाणावें, आपणांस काय त्याचें, असें कोणी म्हणेल. त्यांस आम्ही एका बाईची गोष्ट सांगतों. मोटार तयार करणाऱ्या कार्ल बेंझ यांची पत्नी बर्था बेंझ ही १८८८ सालच्या ऑगस्टांत पतीस न सांगतां आपल्या दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला मोटारीनें गेली. अंतर सुमारें शंभर किलोमीटर. वाटेंत ना गॅरेज, ना पेट्रोलपंप. इंधन तिनें औषधांच्या दुकानांतून घेतलें. इंधनाची नळी तुंबली ती तिनें आपल्या टोपीच्या पिनेनें मोकळी केली, आणि ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हां एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. जगांतील मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासांत दुरुस्ती करणारी ही एक गृहिणी होती. तिनें फक्त डोळे उघडे ठेविले होते.

आपणांस तर पांच मिनिटें पुरेत. लांबच्या प्रवासापूर्वीं सकाळीं गाडी थंड असतांना (१) कूलंटची टांकी दोन खुणांच्या मध्यें भरलेली आहे कीं नाहीं. (२) इंजिन ऑइलची काडी पुसून पुन्हां बुडविली असतां तेल किती दिसतें. (३) चारहि टायर व स्टेपनी यांत हवा बरोबर आहे ना. (४) ब्रेकचें पेडल टणक लागतें ना. (५) पुढचे व मागचे दिवे लागतात ना, हें पहावें. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस मागून दिवा व चकाकणारी पट्टी हवीच. रात्रीं अंधारांत उभी असलेली उसाची ट्रॉली मागच्या वाहनास दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

विद्यार्थ्यांस आमची एवढीच सूचना आहे. आज घरीं गेल्यावर दाराजवळील हवेचा आंकडा वाचून तो वडिलांना सांगा, आणि घाटाच्या पायथ्याशीं कांटा चढलेला दिसला तर “बाबा, थांबा” असें म्हणावयास भिऊं नका. आम्हांसहि त्या दिवशीं मागच्या आसनावरून कोणी असें म्हटलें असतें तर बरें झालें असतें. त्या ट्रकवाल्याचें नांव विचारण्याचें गडबडींत आम्हांस सुचलें नाहीं. त्याचें ऋण या लेखानें थोडें जरी फिटलें, तरी आम्ही समाधान मानूं.