वेग दुप्पट, थांबायचं अंतर चौपट

जून २०२२ मध्ये आपल्या अमरावती–अकोला महामार्गावर, लोणी ते मुर्तिजापूर पट्ट्यात, ७५ किलोमीटर लांबीच्या लेनचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं. गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो. तेव्हा आज हिशेब करू थांबण्याचा.

हजार किलोची कार घ्या. ताशी ६० किलोमीटरला तिची गतिज ऊर्जा साधारण १ लाख ३९ हजार ज्यूल. १२० ला किती? दुप्पट नाही, चौपट. कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. थांबायचं म्हणजे ही सगळी ऊर्जा उष्णता करून घालवायची. आणि थांबवणारं बल टायर आणि रस्त्याच्या घर्षणाचं. कोरड्या डांबरावर ते फार तर ७,००० न्यूटन धरू. म्हणून ६० ला ब्रेक लावल्यावर २० मीटर लागतात, १२० ला ८०.

आता समजा, रात्री ६० मीटरवर बिनदिव्याची बैलगाडी दिसली. पाय ब्रेकवर जायला एक सेकंद. ६० वाला तेवढ्यात १७ मीटर जातो आणि एकूण ३७ मीटरवर थांबतो. १२० वाल्याचे ३३ मीटर त्या सेकंदातच गेले. उरलेले २७ मीटर पूर्ण ब्रेक लावूनही तो आदळतो, तेव्हा वेग असतो ताशी सुमारे ९८!

पावसात घर्षण निम्म्यावर आलं, तर ब्रेकचं अंतर दुप्पट. म्हणून रात्री वेग ठरवताना एवढंच विचारा: दिव्यात दिसतं तेवढ्या अंतरात माझी गाडी थांबेल का?