‘स्टीमपंक’ हे नाव चेष्टेतून आलं, पण त्यातलं लंडन आलं गटारात उतरणाऱ्या माणसांकडून

इन्स्टाग्राम चाळताना असा एखादा फोटो तुम्हीही पाहिला असेल. डोक्यावर उंच काळी हॅट, हॅटवर पितळी गॉगल, कोटावर घड्याळातली दातेरी चाकं आणि मागे धुरकट आकाशात वाफेवर उडणारं जहाज. खाली हॅशटॅग असतो, ‘स्टीमपंक’.

म्हणजे काय, तर वीज आणि पेट्रोल येण्याऐवजी जग वाफेवरच पुढे गेलं असतं तर ते कसं दिसलं असतं, या कल्पनेवर उभं राहिलेलं साहित्य. आज त्यावर सिनेमे निघतात, गेम निघतात, कपड्यांची आणि दागिन्यांची दुकानं चालतात.

पण हे सगळं सुरू कुठून झालं? धुक्यातल्या लंडनमध्ये? नाही. सुरू झालं कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत. डिस्नेलँड आहे, तोच हा भाग. तिथल्या तीन मित्रांनी मिळून हा प्रकार उभा केला. त्यासाठी त्यांना लागलं काय, तर सव्वाशे वर्षं जुनं एक जाडजूड पुस्तक. त्यात ना जादू होती, ना उडती जहाजं. होती ती फक्त लंडनमधली गरीब माणसं.

तीन मित्र आणि एक खोटा कवी

साल १९७० च्या आसपासचं. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुलर्टन कॅम्पसमध्ये टिम पॉवर्स, जेम्स ब्लेलॉक आणि के. डब्ल्यू. जेटर अशी तीन पोरं शिकत होती. तिघांनाही लेखक व्हायचं होतं.

कॉलेजच्या मासिकात छापून येणाऱ्या कविता पॉवर्स आणि ब्लेलॉकला अगदीच टुकार वाटायच्या. मग दोघांनी एक उद्योग केला. विल्यम अ‍ॅशब्लेस नावाचा कवी जन्माला घातला आणि त्याच्या नावाने मुद्दाम अर्थहीन कविता लिहून मासिकाकडे पाठवल्या. मासिकाने त्या कौतुकाने स्वीकारल्या!

गोष्ट इथेच संपली असती. पण काही वर्षांनी गंमत झाली. दोघेही आपापल्या कादंबऱ्या लिहीत होते आणि दोघांनाही एकेका कवीचं पात्र हवं होतं. एकमेकांना न सांगता दोघांनीही अ‍ॅशब्लेसलाच आत घेतलं. दोन्ही हस्तलिखितं एकाच संपादिकेच्या टेबलावर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हा कवी दोन्हीकडे आहे. तुम्ही दोघं जरा एकमेकांशी बोलून घ्या, असं तिने सुचवलं. १९८३ मध्ये पॉवर्सची ‘द अनुबिस गेट्स’ आली, १९८४ मध्ये ब्लेलॉकची ‘द डिगिंग लेव्हायथन’ आली आणि कधीच नसलेला कवी दोन पुस्तकांत वावरू लागला.

अड्ड्यावरचा चौथा माणूस

या मित्रांच्या अड्ड्यावर वयाने मोठा असलेला एक लेखक यायचा. फिलिप के. डिक. ज्याच्या कादंबरीवर पुढे ‘ब्लेड रनर’ हा सिनेमा आला, तोच हा डिक. आज त्याचं नाव जगभर घेतलं जातं, पण तेव्हा ढीगभर पुस्तकं लिहूनही त्याच्या आयुष्याचा मोठा काळ पैशाच्या ओढाताणीत गेला होता.

डिकने या पोरांना आपल्या पुस्तकातच बसवून टाकलं. १९८१ च्या ‘व्हॅलिस’ या कादंबरीत केव्हिन आणि डेव्हिड अशी दोन मित्रांची पात्रं आहेत. कशावरच विश्वास न ठेवणारा केव्हिन बेतलाय जेटरवर आणि श्रद्धाळू कॅथलिक असलेला डेव्हिड पॉवर्सवर.

जेटरने ‘डॉ. अ‍ॅडर’ नावाची कादंबरी १९७२ च्या सुमारास लिहून ठेवली होती. डिकला ती फार आवडली. पण तिच्यातली हिंसा आणि लैंगिक वर्णनं पाहून प्रकाशक हात लावायला तयार नव्हते. ती छापून आली १९८४ मध्ये, म्हणजे तब्बल १२ वर्षांनी. तिच्या शेवटी डिकने लिहिलेलं टिपण आहे. पण पुस्तक बाहेर पडलं तेव्हा डिक हयात नव्हता. मार्च १९८२ मध्येच, ‘ब्लेड रनर’ थिएटरात लागायच्या काही महिने आधी, तो गेला होता.

पुढे १९९० च्या दशकात ‘ब्लेड रनर’ची गोष्ट पुढे नेणाऱ्या कादंबऱ्या कुणी लिहिल्या असतील? जेटरनेच.

मालिका बारगळली, पुस्तक हाती लागलं

आता येऊ लंडनवर. १९७० च्या दशकात जेटर आणि पॉवर्सकडे एक काम आलं. राजा आर्थर वेगवेगळ्या काळात पुन्हा पुन्हा जन्म घेतो, अशी एक कादंबऱ्यांची मालिका काढायची होती. जेटरच्या वाट्याला व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन आलं. मालिका मध्येच बारगळली. पण तोवर जेटरने अभ्यास सुरू केला होता आणि त्यात त्याच्या हाती एक पुस्तक लागलं होतं.

पुस्तकाचं नाव, ‘लंडन लेबर अँड द लंडन पुअर’. लेखक हेन्री मेह्यू. ‘पंच’ हे गाजलेलं विनोदी साप्ताहिक सुरू करणाऱ्यांपैकी तो एक. पण १८४९ मध्ये मेह्यू एका वेगळ्याच कामाला लागला. लंडनच्या गल्लीबोळांत जाऊन गरिबांशी बोलायचं, त्यांची कमाई किती, ते खातात काय, राहतात कुठे हे विचारायचं आणि शक्यतो त्यांच्याच शब्दांत ते वर्तमानपत्रात छापायचं. त्यातून पुढे पुस्तकाचे खंड झाले.

त्या पुस्तकात कोण कोण भेटतं?

थेम्स नदीच्या काठाने भुयारी गटारात शिरणारे लोक भेटतात. छातीला कंदील बांधलेला, हातात लांब काठी. मैल न मैल अंधारात चालायचं आणि वाहून आलेली नाणी, धातूचे तुकडे, दोरखंड गोळा करायचे. भरतीचं पाणी कधी आत घुसेल आणि उंदरांची झुंड कधी अंगावर येईल, याचा नेम नाही. नदीच्या चिखलात अनवाणी उतरून कोळशाचे तुकडे आणि खिळे वेचणारी लहान मुलं भेटतात. रस्त्यावरची कुत्र्यांची विष्ठा बादलीत गोळा करून विकणाऱ्या म्हाताऱ्या भेटतात. हो, विकणाऱ्या! कारण चामडं कमावायला ती लागायची.

हे काल्पनिक नव्हतं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत साम्राज्याच्या राजधानीत, राणीच्या राजवाड्यापासून काही मैलांवर, माणसं अशी जगत होती.

ऑरेंज गावातल्या ओ’हाराज नावाच्या पबमध्ये बसून जेटरने हे पुस्तक मित्रांना सांगितलं. पॉवर्स आणि ब्लेलॉकनेही ते वाचून काढलं. राक्षस, भुयारं, जादूगार यांच्यासाठी नवं जग रचायची गरजच काय? ते लंडनच्या पायाखाली तयारच होतं.

जेटरने ‘मॉरलॉक नाइट’ लिहिली, ती १९७९ मध्ये आली. एच. जी. वेल्सच्या ‘टाइम मशीन’मधले जमिनीखाली राहणारे मॉरलॉक ते यंत्र पळवतात आणि लंडनच्या गटारांत येऊन पोहोचतात, अशी ती कल्पना. पॉवर्सच्या ‘द अनुबिस गेट्स’मध्ये आजच्या काळातला एक अभ्यासक १८१० च्या लंडनमध्ये जाऊन पडतो, तिथे भिकाऱ्यांची आख्खी टोळी आहे आणि तिचा म्होरक्या एक भयंकर विदूषक आहे. या कादंबरीला फिलिप के. डिकच्याच नावाचा पुरस्कार मिळाला.

आणि मग ते पत्र आलं

१९८७ पर्यंत तिघांच्याही अशा कादंबऱ्या बाजारात आल्या होत्या आणि समीक्षकांत चर्चा चालली होती, की हा प्रकार आधी कुणी सुरू केला. जेटरने ‘लोकस’ या विज्ञानसाहित्याच्या मासिकाला पत्र लिहिलं. सोबत ‘मॉरलॉक नाइट’ची प्रत जोडली, पहिला मीच, याचा पुरावा म्हणून. पुढे त्याने लिहिलं, की या व्हिक्टोरियन कथांची लवकरच चलती होणार आहे, तेव्हा आमच्या तिघांसाठी त्या काळातल्या तंत्रज्ञानाला शोभेल असं एखादं नाव शोधायला हवं. म्हणजे समजा, ‘स्टीमपंक’.

त्या दिवसांत ‘सायबरपंक’ या शब्दाची हवा होती. संगणक, हॅकर, अंधारी शहरं असा तो मामला. त्याचीच ही टिंगल होती. सायबरच्या जागी स्टीम, बस्स.

गंमत म्हणजे पहिलेपणाचा जेटरचा दावाही वादाचाच आहे. ब्लेलॉकची ‘द एप-बॉक्स अफेअर’ ही अशाच धाटणीची कथा १९७८ मध्ये, म्हणजे एक वर्ष आधीच छापून आली होती. पण नाव जेटरचं टिकलं. १९९० मध्ये विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग या सायबरपंकवाल्यांनीच ‘द डिफरन्स इंजिन’ लिहिली. चार्ल्स बॅबेजचं गणितयंत्र त्याच्या हयातीत पूर्ण झालं असतं तर काय झालं असतं, यावर ती आहे. त्याच सुमारास लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये बॅबेजच्या आराखड्यावरून खरंच एक यंत्र बांधलं जात होतं. १९९१ मध्ये, त्याच्या २०० व्या जन्मवर्षात, ते चाललंही.

न घडलेलं लिहायचं, तर घडलेलं नीट वाचा

आपल्याला वाटतं, की फँटसी लिहिणाऱ्याचं बरं असतं. डोळे मिटायचे आणि मनाला येईल ते लिहायचं. पॉवर्सची पद्धत पाहिली तर हा समज पार मोडतो.

तो आधी महिनोन्‌महिने इतिहास, चरित्रं, पत्रव्यवहार वाचतो. वाचताना तो चमत्कारिक जागा शोधतो. हा माणूस त्या दिवशी असा का वागला? मधले काही दिवस तो कुठे होता? या प्रश्नांची उत्तरं तो जादूने देतो. ‘डिक्लेअर’ ही त्याची कादंबरी किम फिल्बी या ब्रिटिश गुप्तहेराभोवती फिरते. रशियासाठी फितूर झालेला हा माणूस बैरुतमध्ये असताना त्याचा पाळलेला कोल्हा मेला आणि तो पार कोसळला. एवढ्या निबर हेराला एका कोल्ह्याचं इतकं दुःख का व्हावं, हे पॉवर्सला खटकलं आणि कादंबरीत ते धागा म्हणून आलं. ही कादंबरी लिहिताना त्याने स्वतःला नियमच घातला होता, की नोंद असलेली एकही घटना बदलायची नाही. तारीखसुद्धा नाही. कल्पना फक्त मधल्या फटीत बसवायची.

याचा फायदा वाचकाला होतो. आजूबाजूचं सगळं खरं असल्यामुळे मधलं भूतही खरं वाटतं.

आणि कमाईचं काय? ब्लेलॉकने कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना लेखन शिकवलं, पॉवर्सनेही वर्ग घेतले. पॉवर्सची १९८७ मधली ‘ऑन स्ट्रेंजर टाइड्स’ ही समुद्री चाच्यांची कादंबरी पुढे डिस्नेने घेतली आणि २०११ मध्ये तिच्या नावाने ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’चा चौथा भाग आला. पुस्तक आणि सिनेमा यांच्यामध्ये गेली २४ वर्षं.

गॉगल राहिले, माणसं गळाली

नाव लोकप्रिय झालं तसं मात्र स्टीमपंकमधलं काहीतरी हरवत गेलं. गॉगल, पितळ, दातेरी चाकं सगळीकडे पसरली, पण गटारात उतरणारा माणूस मागे राहिला. जे साम्राज्य त्या पितळाला चकाकी देत होतं, त्याची किंमत कोण मोजत होतं हा प्रश्नही बाजूला पडला.

हा प्रश्न आपल्याला लांबचा नाही. वाफेचं युग मुंबईनेही पाहिलंय. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा मेह्यूच्या मुलाखती छापून येऊन जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती. भा. रा. भागवतांनी ज्या ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणलं, त्याचा फिलियस फॉग ८० दिवसांत पृथ्वी फिरताना मुंबईलाच उतरतो आणि पुढे रेल्वेने कलकत्त्याकडे निघतो. गोष्टीत तो डब्यात बसलेला दिसतो. बोरघाटात तो लोहमार्ग घालताना हजारो मजूर दगावले, ते त्या गोष्टीत दिसत नाहीत.

काही लेखकांनी मात्र हा प्रश्न सोडला नाही. मायकेल मूरकॉकने १९७१ मध्येच ‘द वॉरलॉर्ड ऑफ द एअर’मध्ये हवाई जहाजांनी भरलेलं, पण साम्राज्यांच्या टाचेखालचं जग दाखवलं होतं. अमेरिकेतल्या निसी शॉल यांनी २०१६ मध्ये ‘एव्हरफेअर’ लिहिली. बेल्जियमच्या राजाने काँगोत केलेला नरसंहार हा खरा इतिहास, आणि वाफेचं तंत्रज्ञान तिथल्या लोकांच्या हाती असतं तर काय झालं असतं, ही कल्पना.

म्हणजे गाडी पुन्हा मेह्यूपाशी येते. एका पत्रकाराने गटारात उतरणाऱ्यांना विचारलं, तुम्ही जगता कसे? त्यांनी दिलेली उत्तरं सव्वाशे वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या तीन पोरांनी वाचली आणि साहित्याचा एक आख्खा प्रकार उभा राहिला.

पुढच्या वेळी पितळी गॉगलवाला फोटो दिसला, की हॅटवर नजर गेल्यावर एकदा खाली रस्त्याकडेही बघा. छातीला कंदील बांधलेला माणूस त्यात आहे का, ते शोधा.