बियाणं न्या, दुप्पट परत करा

ईव्हीएसचा प्रोजेक्ट कसा पूर्ण होतो, ते कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर विचारा. सीनियरची फाईल मिळवायची, नाव बदलायचं, वर नवं कव्हर. 'जैवविविधतेचे महत्त्व' हा विषय असा दरवर्षी एका फाईलमधून दुसरीत जातो, आणि लिहिणाऱ्याला घेवडा कोणता नि पावटा कोणता हे शेवटपर्यंत कळत नाही.

ते शिकवणाऱ्या एक बाई आपल्या काळेवाडीहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचता येईल इतक्या अंतरावर राहतात. नाशिक फाटा, चाकण, नारायणगाव, आळेफाटा आणि पुढं अकोले तालुका. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे, महादेव कोळी समाजातल्या. शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पुरस्कार काय, गुगलवर सापडतील. त्या शिकवतात काय, ते बघण्यासारखं आहे.

सुरुवात घरातून झाली. नातू आजारी पडला आणि फवारणीच्या भाजीमुळेच हे होतंय, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग त्यांनी गावठी बियाणं शोधून जपायला सुरुवात केली. पुढं 'बाएफ' संस्थेची साथ मिळाली, बीज बँक उभी राहिली. भात, वाल, कडधान्यं, तेलबिया अशा १७ पिकांचे ४० हून अधिक वाण त्यांनी सांभाळलेत. एकट्या वालाचेच कितीतरी प्रकार!

बियाणं ठेवायचं मातीच्या मडक्यात, राखेत घोळवून. हे ऐकून 'जुन्या काळचं काहीतरी' म्हणून सोडून देऊ नका. राख ओलावा शोषते, आणि तिचे बारीक कण किडीच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडतात. अंगातलं पाणी उडून कीड मरते. पैसे शून्य, विष शून्य. बायोच्या लॅबमध्ये हे कुणी करून दाखवलं असतं तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसरी गोष्ट अर्थशास्त्राची. हायब्रीडचं बी ठेवून पुन्हा पेरलं तर पुढचं पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरवर्षी दुकान गाठावं लागतं. गावठी वाणाचं बी घरचंच धरता येतं. म्हणून या बँकेची अटही साधी आहे: बियाणं न्या, पीक आलं की दुप्पट परत करा. गावोगावच्या बाया, शेतकरी आणि कॉलेजची मुलंही तिथं येऊन हे बघून जातात.

असंच शिक्षण पार अमेरिकेतही चालतं. ग्रेट लेक्सच्या परिसरातले ओजिब्वे लोक तळ्यात उगवणारा 'मनूमिन' हा जंगली भात होडीतून गोळा करतात. एका काठीनं ताटं होडीवर वाकवायची, दुसरीनं अलगद झोडपायचं. काही दाणे होडीत पडतात, काही पाण्यात. पाण्यातले म्हणजे पुढच्या वर्षीची पेरणी. त्यांच्याकडं एका महिन्याचं नावच या भातावरून आहे. २०१८ मध्ये त्यांच्यातल्या व्हाइट अर्थ गटानं तर या भाताला स्वतःचे हक्क देणारा कायदा केला. हे शिकवायला मुलांना होडीतच बसवावं लागतं. किती जोरात झोडपायचं, हे फळ्यावर लिहून कसं कळणार?

आता काळेवाडीत या. इथल्या चाळींत आणि भाड्याच्या खोल्यांत जुन्नर, आंबेगाव, अकोल्यापासून मराठवाड्यापर्यंतची माणसं आहेत. कंपनीत काम मिळालं, शेत गावाकडं राहिलं. मृगात काय टाकायचं, कोणती रानभाजी कोवळी असतानाच खुडायची, कोणती दोनदा उकळून पाणी फेकल्याशिवाय खायची नाही, हे तुमच्या मजल्यावरच्या एखाद्या मावशींना तोंडपाठ असतं. पण त्यांना दाखवायला शेत नाही आणि आपल्याला विचारायला वेळ नाही. आजीकडून आईपर्यंत आलेलं हे ज्ञान आपल्या पिढीपाशी येऊन थांबतंय, तेही गुपचूप. कंपनी बंद पडली तर निदान बातमी तरी होते.

विचारण्यासाठी कायद्याचा आधारही आहे बरं का. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेनं समिती नेमायची आणि लोकांना विचारून 'लोक जैवविविधता नोंदवही' बनवायची असते. आपल्या भागाची नोंदवही बघायला मागा. तिच्यात काय आहे, मावशींना माहीत असलेलं काय नाही, हे नुसतं लिहून काढलंत तरी ईव्हीएसची फाईल भरेल. सरांना ती आधी कुठंतरी वाचल्यासारखी वाटणार नाही.

आणि मावशींनी मूठभर वाल दिलेच, तर रंगाचा रिकामा डबा पुरे. खाली भोकं पाडा, पावसाळ्यात दोन-तीन दाणे टोचा, वेलाला गॅलरीच्या गजापर्यंत दोरी द्या. शेंगा लागल्या की सगळ्या खाऊन टाकू नका. सर्वांत भरदार असतील त्या वेलावरच वाळू द्या आणि त्यांतलं बी राखेत ठेवा. मावशींचे दुप्पट त्यातूनच द्यायचेत.