देशाचं डोमेन जप्त करता येतं का?

इराणच्या पाठिंब्याने झालेल्या दहशतवादी हल्ल्यांतल्या पीडितांनी अमेरिकी न्यायालयांत भरपाईचे निकाल मिळवले, पण पैसे वसूल होईनात. मग 2014 मध्ये त्यांनी इराणचं ‘.आयआर’ हे डोमेनच जप्त करण्याची मागणी केली. नोटीस गेली लॉस एंजेलिसच्या ‘आयकॅन’ या ना-नफा संस्थेकडे.

तिच्याकडेच का? आपण संकेतस्थळाचा पत्ता टाकतो, तेव्हा शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं कोणत्या सर्व्हरकडे न्यायची, हे एका मूळ यादीत लिहिलेलं असतं. ‘.आयएन’ म्हटलं की भारताच्या ‘निक्सी’ या संस्थेकडे वाट जाते. या यादीत कोणाची नोंद राहावी, हे पाहण्याचं काम आयकॅनकडे आहे. नोंद फिरवली, तर त्या टिंबामागचे सगळे पत्ते नव्या चालकाच्या हाती जातात.

वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने मागणी फेटाळली: तिथल्या कायद्यानुसार ही जप्त करण्याजोगी मालमत्ता नव्हे. 2016 मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला, पण कारण वेगळं दिलं. डोमेनला मालमत्ता मानलं, तरी जप्तीने त्रयस्थांच्या हिताला मोठा धक्का बसेल. मला हेच कारण जास्त पटतं. ‘.आयआर’वर सरकारखेरीज असंख्य सामान्य माणसंही आहेत.

पीडितांचं दुःख खरं होतं, वसुलीचा हक्कही खरा होता. तरीही मालमत्तेचा मूळ प्रश्न अपील न्यायालयाने मोकळाच सोडला. 2022 मध्ये युक्रेनने रशियाचं ‘.आरयू’ रद्द करायला सांगितलं, तेव्हा आयकॅनने स्वतःच नकार दिला.