तळें आणि गांवचें सांडपाणी

तळ्याकांठच्या गांवाचें सांडपाणी शुद्ध करावयाचें, तर त्यांतून प्रथम काय काढावें? घाण व दुर्गंध गेला म्हणजे काम झालें, अशी सामान्य समजूत असते. कॅनडांतील एका प्रयोगानें ती अपुरी ठरविली.

१९७३ सालीं ओंटॅरिओ प्रांताच्या वायव्य भागांत २२६ क्रमांकाच्या सरोवराचे पडद्यानें दोन भाग करण्यांत आले. दोन्ही भागांत कर्ब व नत्र घातलें. एकांत मात्र जोडीला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, घातलें. त्याच वर्षीं तो भाग नीलहरित शेवाळानें हिरवागार झाला. दुसरा जवळजवळ पूर्वीसारखाच राहिला.

असें शेवाळ मेलें म्हणजे कुजतें; त्यांत पाण्यांतील प्राणवायु खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. त्याच्या कांहीं जाती विषारीही असतात. स्फुरद मलमूत्रांत असतें, शेतांतील खतांतही असतें. साध्या शुद्धीकरणानें पाणी निवळ दिसलें, तरी त्यांतील बरेंचसें स्फुरद तसेंच उरतें.

यास्तव योजना आंखतांना तें कोठून किती येतें याची आधीं मोजदाद करावी. मग सांडपाणी नळानें तळ्यापासून दूर न्यावें, किंवा त्यांत तुरटी अथवा लोहक्षार घालून स्फुरद गाळाबरोबर खालीं बसवावें व तो गाळ काढून घ्यावा. हें वेळींच व्हावयास हवें. कारण तळ्याच्या गाळांत एकदां सांठलेलें स्फुरद, सांडपाणी बंद झाल्यावरही, वर्षानुवर्षें पाण्यांत परत येत राहतें.