डिजिटल साधने आणि येडशीची वाढ : गैरसमज व वस्तुस्थिती

धाराशिव जिल्ह्यातील येडशी हे सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावरचे गाव. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली ती याच वाटेने. दळणवळणाच्या अशा ठिकाणी वस्ती आणि व्यापार वाढत जातात. शेती, दूध आणि आडत या जुन्या व्यवसायांत आता डिजिटल साधने आली आहेत. त्यांच्या परिणामांविषयी काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : लिलाव ऑनलाइन झाला की बाजाराच्या जागेची गरज उरत नाही.

वस्तुस्थिती : राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजे ई-नाम, १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला. त्यात बोली दुरून लावता येते. पण सोयाबीनचा ओलावा तपासणे, प्रतवारी, तोलाई, हमाली आणि साठवण ही कामे जागेवरच होतात. माल न पाहता बोली लावणारा व्यापारी तपासणीच्या निकालावरच विसंबतो. त्यामुळे प्रयोगशाळा, गोदाम आणि वाहनतळ यांसाठी जागा राखणे अधिक गरजेचे होते.

गैरसमज : स्वयंचलित ठिबक बसवले की गावाचे पाणी वाचते.

वस्तुस्थिती : जमिनीतील ओल मोजणाऱ्या सेन्सरमुळे पिकाला लागेल तेवढेच पाणी सोडता येते आणि एकरी वापर घटतो. मात्र उरलेल्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढवले, तर बोअरचा एकूण उपसा तेवढाच राहतो, कधी वाढतोही. धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेत आहे. शेतीची तहान आणि वाढत्या वस्तीचे नळ बऱ्याच अंशी एकाच भूजलावर चालतात. म्हणून पाण्याचा ताळेबंद मांडून पिकांचे क्षेत्र ठरवले, तरच ही बचत खरी ठरते.

गैरसमज : व्यवहार मोबाईलवर आले की रोजगारासाठीचे स्थलांतर थांबते.

वस्तुस्थिती : दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घनपदार्थ) यंत्राने मोजले जातात, पावती लगेच मिळते, पैसे खात्यात जमा होतात. त्यामुळे मापातील वाद कमी होतात. चाऱ्याचा खर्च आणि दुधाचा दर मात्र यंत्र ठरवत नाही. रोजगार वाढतो तो दुधावर गावातच प्रक्रिया झाल्यावर. भूम तालुक्यातील कुंथलगिरीचा खवा हे त्याचे जवळचे उदाहरण.

गैरसमज : महामार्गालगत वाढ कशीही पसरली तरी चालते.

वस्तुस्थिती : गावाला लागून येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील कॅमेरा सापळ्यात वाघ टिपला गेला. पट्ट्यांच्या ठेवणीवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा असल्याची ओळख पटली. हे छोटे जंगल वन्यप्राण्यांच्या लांबच्या वाटेवर आहे, हे त्यातून दिसले. उपग्रहचित्रे, भूमापनाचे नकाशे आणि ओढे-नाले एकमेकांवर ठेवून पाहिल्यास गोदामे, ढाबे आणि वसाहती कोठे नकोत हे बांधकामाआधीच कळते. नकाशा एवढाच इशारा देतो; बांधकामाची परवानगी देताना तो पाळला गेला, तरच रान आणि पाणी दोन्ही टिकतात.