संकरित शिंगरू घेण्याआधी

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. तिथे मारवाडी घोडी आणि थरोब्रेड घोड्याचं शिंगरू दाखवताना विकणारा हमखास सांगतो, 'आईचा काटकपणा, बापाचा वेग!' निसर्ग मात्र असा सौदा करत नाही. पिल्लाला दोघांकडून निम्मी निम्मी जनुकं मिळतात, पण कोणती निम्मी हे दर खेपेला बदलतं. म्हणून त्याच जोडीची सख्खी भावंडंही उंचीला, चालीला वेगळी निघतात. मारवाडीचे आत वळलेले कान दिसले, तरी स्वभाव आणि खुरांची मजबुती तीच असेल असं नाही. शक्य असेल तर आई-बाप दोघांनाही चालताना पाहाच.

रंगावरही भुलू नये. पुढे पांढरे होणारे घोडे बहुधा गडद रंगाचे जन्मतात. डोळ्यांभोवती पांढरे केस दिसू लागले, तर तो बदल सुरू झालेला असतो. पांढरं होण्याचं हे जनुक आलं, तर आई-बापांपैकी एक तरी तसाच असतो.

वय दातांवरून कळतं. पुढचे मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी पडतात.

खरी घाई होते ती स्वारीची. पायांच्या हाडांची वाढ आधी थांबते, पण पाठीचे मणके पक्के व्हायला पाच-साडेपाच वर्षं लागतात. दोन वर्षांच्या, दिसायला भरलेल्या शिंगराच्या पाठीवर जड माणूस बसवणं मला क्रूरपणाचं वाटतं. या वयात त्याला दोरीवर चालायला, खूर उचलू द्यायला शिकवावं.